वृद्धाश्रमातल्या आपल्या माणसाच्या गोळ्या कशा तपासायच्या

आई-वडील किंवा घरातलं कोणी वृद्धाश्रमात असेल तर भेटायला गेल्यावर जेवण, झोप सगळं विचारतो आपण, पण औषधांचा चार्ट सहसा कोणी मागत नाही. तो मागाच. गोळी सुरू करणारे बरेच असतात, हार्टचे डॉक्टर, हाडांचे, मधे अ‍ॅडमिट केलं तेव्हाचे, पण बंद करायचं काम कोणाचंच नसतं, म्हणून यादी वाढतच जाते.

आधी सगळं एका कागदावर उतरवून काढा. चार्टवरचं तर घ्याच पण डोळ्यांचे थेंब, पोट साफ व्हायचं चूर्ण, सर्दीची गोळी, आपणच नेऊन दिलेलं एखादं टॉनिक, तेही. प्रत्येक नावापुढे लिहायचं: कशासाठी, कधीपासून, कधीपर्यंत. ‘कशासाठी’ला उत्तर मिळत नाही ती गोळी पहिली विचारायची. अ‍ॅसिडिटीची पँटोप्राझोल बऱ्याचदा अशीच सापडते, हॉस्पिटलात सुरू झालेली आणि मग चालूच राहिलेली. खास कारण नसेल तर ती 8 आठवड्यांच्या पुढे नको.

हे 8 आठवडे बिअर्स क्रायटेरियातले आहेत. वयस्करांना शक्यतो टाळायच्या औषधांची ही यादी, 1991 मध्ये अमेरिकेत डॉ. मार्क बिअर्स आणि सहकाऱ्यांनी केली, आणि मुळात केली तीच नर्सिंग होममध्ये राहणाऱ्यांसाठी. 2023 मध्ये ती नव्याने निघाली. त्यातली काही नावं ओळखीचीच वाटतील: झोपेच्या-चिंतेच्या गोळ्या डायझेपाम, अल्प्राझोलाम, झोल्पिडेम, यांनी तोल जातो, माणूस पडतो, हाड मोडतं. सर्दी-खाजेच्या जुन्या गोळ्या, म्हणजे क्लोरफेनिरामाइन, हायड्रॉक्सिझिन, आणि नैराश्यावरची अ‍ॅमिट्रिप्टिलिन, यांनी तोंड कोरडं पडतं, लघवी अडकते, माणूस गोंधळतो आणि आपण म्हणतो वय झालं. दुखण्यावरची डायक्लोफिनॅक रोज म्हणजे किडनी आणि पोट दोन्हीला धोका. डायबेटिसच्या ग्लिबेनक्लामाइडने शुगर एकदा खाली गेली की बराच वेळ वर येत नाही.

सगळ्यात जास्त लक्ष द्या ते शांत ठेवायच्या गोळ्यांकडे, क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, हॅलोपेरिडॉल. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेल्या वृद्धांमध्ये यांनी मृत्यूचा धोका वाढतो असा कडक इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, 2005 मध्ये यातल्या नव्या पिढीच्या औषधांसाठी आणि 2008 मध्ये जुन्या पिढीच्या औषधांसाठीही दिला. कधीकधी लागतात, माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल तर, पण रात्री ओरडतात म्हणून किंवा स्टाफ कमी आहे म्हणून देणं हे चूकच आहे आणि ते शांतपणे पण स्पष्ट बोलायला घाबरू नका. ओरडण्याआधी काय झालं होतं ते विचारा: कुठे दुखत होतं का, पोट किती दिवस साफ नाही, लघवीचं इन्फेक्शन आहे का, कानाच्या मशीनची बॅटरी संपलीय का.

अजून एक, दोन गोळ्यांची नातीगोती शोधा. बीपीसाठी अ‍ॅमलोडिपिन, त्याने पाय सुजले, सूज उतरायला लघवीची गोळी, मग सारखी लघवी म्हणून ऑक्सिब्युटिनिन, त्याने विसरभोळेपणा वाढला, की आता स्मरणशक्तीची गोळी! आजार एकच होता, बाकी सगळं गोळ्यांनी आणलेलं. त्यामुळे नवा त्रास सुरू झाला की आधी बघा, त्याच्या थोडं आधी कोणती गोळी चालू झाली किंवा डोस वाढला.

आणि हे नीट वाचा, मनाने काहीही बंद करू नका. झोपेच्या गोळ्या खूप दिवस चालू असतील आणि एकदम थांबवल्या तर फिट येऊ शकते, स्टिरॉइड आणि बीपी-हार्टच्या मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्याही अचानक सोडणं धोक्याचं. कागद घेऊन एकाच डॉक्टरांकडे जा, सगळी यादी त्यांच्यासमोर ठेवा, किडनीचा अलीकडचा रिपोर्टही न्या कारण डोस त्यावर ठरतात, आणि सरळ विचारा, ‘यातली आज नव्याने कोणती दिली असती?’ कमी करायची असेल तर एका वेळी एकच, हळूहळू. बदल चार्टवर तारखेसकट लिहून घ्या, रात्रपाळीच्या स्टाफलाही सांगा, नाहीतर जुनी गोळी जुन्या डब्यातून जातच राहते. पुढचे काही आठवडे झोप, चालणं, बीपी, चिडचिड यांची रोज एक ओळ लिहून ठेवायला सांगा, त्रास परत आला तर डॉक्टरांना दाखवायला तेच कामाला येतं.