निरीक्षण आणि अनुमान यांतील फरक शिकवताना या चुका टाळा

सातवी-आठवीच्या प्रयोगवहीत ‘निरीक्षण’ या शीर्षकाखाली ‘कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडला’ असे वाक्य हमखास सापडते आणि त्यापुढे शिक्षकांची बरोबरची खूणही असते. वास्तविक तो वायू कोणालाही दिसलेला नसतो. विद्यार्थ्यांना दिसले ते एवढेच, की परीक्षानळीत बुडबुडे आले आणि बाहेर पडलेला वायू चुन्याच्या निवळीत सोडल्यावर ती दुधाळ झाली. तो वायू कोणता हे त्यावरून ठरवले गेले आणि म्हणून ते अनुमान आहे. हा घोळ बहुतांशी आपल्या शिकवण्याच्या पद्धतीतून होत असल्याने दुरुस्तीची सुरुवातही तिथूनच करायला हवी.

फळ्यावरून उतरवून घेतलेले निरीक्षण

वर्गातील मुलांची संख्या आणि तासाची वेळ पाहता प्रयोगाआधीच निरीक्षण फळ्यावर लिहून देण्याचा मोह समजण्यासारखा आहे, परंतु सर्वांत मोठे नुकसान त्यानेच होते. चुन्याची निवळी उघडी राहिली, तर हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे तिच्यावर पांढरी साय धरते आणि ती निकामी होत जाते. मग एखाद्या गटाची निवळी दुधाळ होतच नाही. दुसऱ्या गटातील मुले नळीतून बराच वेळ फुंकत राहतात आणि दुधाळ झालेली निवळी पुन्हा नितळ होते, कारण न विरघळणाऱ्या कॅल्शियम कार्बोनेटपासून विरघळणारे कॅल्शियम बायकार्बोनेट तयार होते. या दोन्ही गटांना आपले लिहिणे खोडायला लावू नये. जे घडले ते त्यांनी प्रामाणिकपणे टिपलेले आहे, आणि वर्गातील चर्चेला खरी सुरुवात या न जुळणाऱ्या नोंदींपासूनच होते. प्रत्येक गटाची नोंद पूर्ण होईपर्यंत फळा कोरा ठेवावा, एवढी शिस्त शिक्षकांनी स्वतःला लावून घेतली तरी पुष्कळ फरक पडतो.

अनुमान म्हणजे नुसता अंदाज, असे सांगणे

‘निरीक्षण खरे, अनुमान खोटे असू शकते’ असे सोपे करून सांगितले, की मुले अनुमान करण्यालाच बिचकतात. आपल्याकडील न्यायदर्शनात अनुमान हे ज्ञानाचे एक प्रमाण मानलेले आहे, आणि पर्वतावर धूर दिसतो म्हणून तेथे अग्नी आहे हे त्याचे परंपरागत उदाहरण आजही वर्गात उत्तम चालते. पावसाळ्यात सिंहगडाच्या माथ्यावर जे पांढरे दिसते ते धूर नसून धुके असते, हे पुण्याच्या मुलांना सांगावे लागत नाही. तेव्हा दिसले काय, त्याला आपण धूर का म्हणालो आणि धुरावरून आगीपर्यंत कसे पोहोचलो, या तीन पायऱ्या वेगळ्या करून दाखवाव्यात. त्यासाठी एकच प्रश्न पुरतो: ‘कशावरून?’ प्रत्येक अनुमानापुढे ‘कशावरून’ असा एक जादा रकाना आखून घेतला, तर आधार नसलेली वाक्ये आपोआप उघडी पडतात.

एकाच अनुमानावर थांबणे

ताटात रंगीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती आणि तिच्यावर उपडा काचेचा पेला, हा प्रयोग जवळपास प्रत्येक शाळेत होतो. ज्योत विझते, पाणी पेल्यात चढते आणि ‘ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली’ असे सांगून तास संपवला जातो. खरे तर बारकाईने पाहणाऱ्या मुलाला आणखी काही दिसते. पेला ठेवताना त्याच्या कडेखालून बुडबुडे बाहेर येऊ शकतात, आतल्या काचेवर बाष्प धरते, आणि पाण्याची मोठी उसळी ज्योत जळत असताना नव्हे, तर ती विझल्यावर येते. ऑक्सिजन खर्च होणे एवढेच कारण असते, तर पाणी ज्योत जळत असताना हळूहळू चढायला हवे होते. तापलेली हवा प्रसरण पावून काही प्रमाणात बाहेर गेली, उरलेली थंड होऊन आकुंचन पावली आणि आतला दाब घटला, हे अनुमान या नोंदींशी अधिक जुळते. ते तपासताही येते: त्याच पेल्याखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या ठेवल्या, तर पाणी अधिक उंच चढते, आणि पेल्यातील ऑक्सिजन तर वाढलेला नसतो. या एका प्रयोगाला दोन तास द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

शब्दांत दडलेले अनुमान

‘मुठेचे पाणी दूषित आहे’ हे निरीक्षण नाही. पाणी करडे आहे, त्यावर फेस आहे, उग्र वास येतो, ही निरीक्षणे होत. ‘मुलगी रागावली आहे’ यालाही हाच नियम लागू होतो. उलट तापमापीवरील आकडा हे निरीक्षणच आहे, त्यासाठी उपकरण लागले म्हणून ते अनुमान ठरत नाही. इथे फार खोलात शिरून सहावीच्या मुलांना गोंधळात टाकू नये.

विज्ञानाबाहेर न जाणे

हा फरक इतिहासाच्या तासाला अधिक ठसतो. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगाव येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन घरांच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले दोन रांजण आणि त्यांत लहान मुलांची हाडे मिळाली. प्रौढांच्या अनेक सांगाड्यांत घोट्याखालची हाडे नव्हती. निरीक्षण येथे संपते. पुरण्यापूर्वी पाय तोडले असावेत, हे पहिले अनुमान. मृताने भूत होऊन परत फिरू नये म्हणून तसे केले असावे, हे त्यावर रचलेले दुसरे, आणि ते अर्थातच अधिक नाजूक. कोणते अनुमान किती भार पेलते, हे मुलांना येथे स्वतः तोलून पाहता येते.

परीक्षेत मात्र ‘निरीक्षण व अनुमान यांतील फरक लिहा’ हा प्रश्न टाळावा, कारण व्याख्या पाठ करून त्याचे पूर्ण गुण मिळतात. त्याऐवजी न शिकवलेल्या प्रयोगाचे चार ओळींचे वर्णन देऊन त्यातील अनुमाने अधोरेखित करायला सांगावीत, आणि त्यांपैकी एकाला पर्याय सुचवून तो कसा तपासता येईल हे लिहायला लावावे. सुरुवातीला गुण घसरतील, हे पालकांना आधीच कळवून ठेवलेले बरे.