कंद विभागून लावताना या चुका टाळा

पूर्वी फुलांनी भरणाऱ्या वाफ्यात नुसती पाने दाटू लागली की पुष्कळजण आधी खताकडे वळतात. बहुतेक वेळा उणीव खताची नसून जागेची असते. कंदाला वर्षानुवर्षे पिल्ले सुटत जाऊन गड्डा इतका घट्ट होतो की कोणत्याच कंदाला फुलण्यापुरते बळ उरत नाही, आणि नत्राचे खत घातल्यास पाने आणखी माजतात. गड्डा काढून कंद सुटे करणे, हाच त्यावरचा उपाय होय.

सर्वांत महागात पडते ती फुले ओसरताच पाने कापण्याची घाई. पुढच्या बहराचे अन्न हीच पाने कंदात साठवतात, म्हणून डॅफोडिलची पाने फुले संपल्यावर किमान सहा आठवडे राखावीत. वाफा नीटनेटका दिसावा म्हणून त्यांच्या गाठी मारणेही तितकेच घातक. पाने पिवळी पडून आडवी झाली, की कंद काढावेत. पाने पूर्ण नाहीशी होईपर्यंत थांबल्यास मात्र गड्डा नेमका कुठे आहे हेच कळत नाही, आणि मग कुदळ थेट कंदावर बसते. माझे निशिगंधाचे कितीतरी कंद असेच चिरले गेले. गड्ड्यापासून साधारण 15 सेंमी अंतर ठेवून खणावे आणि मातीसकट खालून उचलावे.

माती झाडल्यावर जी पिल्ले हलक्या पिळ्याने सुटतात, तेवढीच वेगळी करावीत. कंदाच्या तळाशी मुळे फुटणारी कठीण चकती असते. ओढाताणीत ती फाटली, तर तिथूनच सड शिरते. प्रत्येक कंद अंगठ्याने दाबून पाहावा आणि मऊ लागलेला बिनदिक्कत फेकावा. ग्लॅडिओलसमध्ये नव्या कंदाखाली चिकटलेला जुना, सुरकुतलेला कंद काढून टाकायचा असतो. डेलियाच्या प्रत्येक तुकड्यावर खोडाजवळचा डोळा हवाच. तो नसेल तर कंद कितीही गलेलठ्ठ असला तरी उगवत नाही. लिलीचे खवलेदार कंद उघड्यावर लवकर सुकतात, म्हणून ते लगेच लावावेत.

लावताना खोली कंदाच्या उंचीच्या दुप्पट ते तिप्पट असावी. याला अपवाद मोठ्या फुलांच्या अमॅरिलिसचा, ज्याची मान मातीवर उघडी ठेवावी लागते. पाणी साचणाऱ्या जागी कंद कुजतात, तेथे वाफा उंच करून घ्यावा.

एवढे करूनही फूल आले नाही, तर आधी कंदाचा आकार आठवावा. बारीक पिल्लांना फुलायला दोन-तीन वर्षे लागतात, त्यामुळे ती दर्शनी वाफ्यात न लावता बाजूच्या ओळीत वाढवलेली बरी. मोठे कंदही रुसले असतील, तर लावणी उथळ झाली आहे का आणि शेजारच्या झुडपाची सावली वाफ्यावर येते का, हे पाहावे.