.२२३, .२०४, .२२-२५० की .२२० स्विफ्ट? वेगवान व्हर्मिंट काडतूस कसे निवडावे

वायोमिंग, मोंटाना, दक्षिण डकोटा इथल्या कुरणांत प्रेअरी डॉग (बिळात राहणारा, खारीच्या कुळातला प्राणी) आणि कायोटी (कोल्ह्यासारखे रानटी जनावर) यांना उपद्रवी प्राणी मानतात आणि त्यांच्या शिकारीसाठी लहान व्यासाच्या, अतिवेगवान गोळीची काडतुसे वापरतात. त्यांना तिथे व्हर्मिंट काडतुसे म्हणतात. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे अशी शिकार बंद आहे, त्यामुळे हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या आणि तिथल्या परवान्यावर शिकारीला जाणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे.

दुकानात गेलात की चार नावे पुढे येतात. .२२० स्विफ्ट विंचेस्टरने १९३५ मध्ये आणले. ४८ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचे लहान एकक) गोळी सेकंदाला ४,११० फूट वेगाने जाते, ही त्या काळी थक्क करणारी गोष्ट होती. .२२-२५० हे .२५० सॅव्हेज या काडतुसाच्या केसचे, म्हणजे दारू भरायच्या धातूच्या नळकांड्याचे, तोंड आवळून हौशी बंदूकसाजांनी बनवलेले काडतूस. बरीच वर्षे ते कारखान्याबाहेरच राहिले, १९६५ मध्ये रेमिंग्टनने ते अधिकृत केले. .२२३ रेमिंग्टन त्याच्या वर्षभर आधीचे. .२०४ रुगर सर्वांत नवे, २००४ चे. ३२ ग्रेनच्या गोळीला जाहिरातीत ४,२२५ फूट वेग दिला होता.

आधी वेगाचे आकडे बाजूला ठेवा. स्विफ्ट आणि .२२-२५० यांच्यात, सारख्याच वजनाची गोळी घेतली, तर फरक सेकंदाला साधारण १०० फुटांचा. २०० यार्डांवर नेम बसवलेल्या रायफलीत एवढ्या फरकाने ३०० यार्डांवर गोळीचा मार्ग इंचभरही बदलत नाही. प्रेअरी डॉगला तो इंच कधी कळत नाही. लोक या शंभर फुटांवरून तासन्‌तास वाद घालतात आणि नळीचे आटे, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या पिळदार खाचा, कसे आहेत हे पाहायचे विसरतात.

एका दिवसात किती गोळ्या झाडणार, हे ठरवा. निवडीचा खरा पाया हा आहे. प्रेअरी डॉगच्या वसाहतीत दिवसभरात शंभरापेक्षा जास्त गोळ्या सहज झडतात. .२२३ मध्ये बंदुकीची दारू साधारण २५ ग्रेन लागते, .२२-२५० मध्ये ३५ च्या वर, स्विफ्टमध्ये त्याहूनही थोडी जास्त. नळीचे छिद्र मात्र तिन्हींचे सारखेच. त्यामुळे मोठ्या केसची जळती दारू चेंबरच्या (नळीत काडतूस बसते त्या जागेच्या) पुढचा भाग, म्हणजे आटे जिथे सुरू होतात तो, लवकर खाते. नळी तापलेली असताना भराभर झाडत राहिलात तर ही झीज आणखी वाढते. अशा दिवसासाठी .२२३ किंवा .२०४ घ्या. .२०४ चा धक्का इतका हलका असतो की स्कोपमधून नजर न हलवता गोळी कुठे लागली ते दिसते, आणि पुढची गोळी सुधारायला याचा फार उपयोग होतो.

कायोटीचे गणित वेगळे. दिवसात दोन-चार संधी, जनावर मोठे, अंतर अंदाजे. इथे .२२-२५० ला मी पहिली पसंती देईन. ५५ ग्रेनची गोळी ३,६८० फुटांनी निघते, तर .२२३ मधून तीच गोळी ३,२४० फुटांनी. हे साडेचारशे फूट मात्र खरोखर कामाला येतात. जनावर जागीच पडणे ही शिकाऱ्याची जबाबदारी आहे. ते जखमी होऊन बिळात किंवा झुडपात गेले तर तुमची काडतूस-निवड चुकली किंवा अंतराचा अंदाज चुकला.

वाऱ्याचा विचार गोळीच्या वजनावरून करा. त्या कुरणांत वारा जवळजवळ कायम असतो. ताशी १० मैलांचा आडवा वारा ५५ ग्रेनच्या चांगल्या टोकदार गोळीला ३०० यार्डांवर सात-आठ इंच ढकलतो, आणि प्रेअरी डॉग त्याच्यापेक्षा अरुंद असतो. जास्त वजनाची, लांबट गोळी कमी ढळते. पण ती तुमच्या नळीत चालेल का, हे पुढच्या पायरीवर ठरते.

आट्यांचा पीळ मोजा. .२२-२५० आणि स्विफ्टच्या पारंपरिक नळ्यांत गोळीचा एक फेरा १४ इंचांत पूर्ण होतो. एवढा मंद पीळ ५५ ग्रेनपर्यंतच्या आखूड गोळ्यांना पुरतो, ७० ग्रेनच्या लांब गोळीला तो सरळ ठेवू शकत नाही. .२२३ मध्ये १२, ९, ८, ७ असे सगळे पीळ मिळतात. विक्रेत्याने सांगितले म्हणून धरून चालू नका, जुनी रायफल घेताना तर मुळीच नाही.

पद्धत अशी. रायफल रिकामी आहे याची खात्री करून बोल्ट (मागून चेंबर बंद करणारा सरकता दांडा) काढा. मूठ फिरती असलेल्या सफाईच्या गजाला घट्ट बसणारे कापड लावा आणि मागून नळीत थोडे आत सारा. बोल्ट सरकतो त्या खोबणीच्या मागच्या कडेशी गजावर पेनाने खूण करा आणि गजाच्या मुठीजवळच्या टोकाला, वरच्या बाजूला, आणखी एक खूण करा. आता सावकाश पुढे ढकला. कापड आट्यांना धरून गज फिरवते. मुठीजवळची खूण पूर्ण फेरा घेऊन पुन्हा बरोबर वर आली की थांबा आणि त्याच कडेशी दुसरी खूण करा. कडेशी केलेल्या दोन्ही खुणांमधले अंतर टेपने मोजा. तेवढ्या इंचांत एक फेरा, हा तुमचा पीळ. कापड सैल असेल तर ते घसरते आणि आकडा मोठा येतो, म्हणून दोन-तीनदा मोजा. पीळ जलद असेल तर उलटी अडचण संभवते: पातळ कवचाची हलकी गोळी अतिवेगात हवेतच फुटू शकते.

मग दुकानातली फळी बघा. .२२३ सगळीकडे मिळते आणि चौघांत सर्वांत स्वस्त. .२२-२५० चांगल्या दुकानांत असते, .२०४ थोडे कमी. स्विफ्टची काडतुसे शोधावी लागतात. स्वतः काडतुसे भरत असाल तरच स्विफ्ट घ्या. रायफल तुम्हाला आजोबांकडून आलेली नसेल, तर पहिली म्हणून .२२३ किंवा .२२-२५० घेणेच बरे. हरणही मारायचे असेल तर या चौघांना सोडा: कोलोरॅडोत हरणासाठी किमान .२४ कॅलिबर (नळीचा व्यास, इंचांत) लागते. तिथे .२४३ विंचेस्टर चालते आणि त्याच्या हलक्या गोळ्या कायोटीलाही पुरतात.

कायदा आधी वाचा, रायफल नंतर घ्या. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर संघीय कायदा बंदूक व काडतुसे बाळगायला मनाई करतो. यातला नेहमीचा अपवाद म्हणजे अमेरिकेतला वैध शिकार परवाना, म्हणून तो आधी काढा. ग्रीन कार्डधारकांना ही अट नाही. कॅलिफोर्नियात जुलै २०१९ पासून कोणत्याही वन्यजीवावर शिशाची गोळी चालत नाही, तेव्हा शिसेविरहित गोळी तुमच्या पिळात बसते का, तेही पाहा. यूटा प्रेअरी डॉग ही संरक्षित जात आहे. दक्षिण डकोटातल्या कोनाटा खोऱ्यात काळ्या पायांचे फेरेट, ही प्रेअरी डॉगवरच जगणारी दुर्मीळ जात, पुन्हा रुजवली आहे आणि तिथे प्रेअरी डॉगवर गोळी झाडायला बंदी आहे. त्या कुरणाच्या नकाशावर बंदीची हद्द आखलेली असते. तो नकाशा रेंजर कार्यालयातून घ्या, आणि हद्दीजवळ नेम धरण्यापूर्वी गोळीच्या मागे मातीचा उंचवटा आहे ना, हे बघा.