शाईतले लष्करी साहेब कसे बघायचे

जर्मन चित्रकार जॉर्ज ग्रोसचं सांगाड्याचं चित्र आहे ना, पहिल्या महायुद्धातलं, १९१६-१७ चं, पेन ब्रश आणि शाईतलं, आता न्यूयॉर्कच्या मोमामध्ये, म्हणजे तिथल्या आधुनिक कलेच्या म्युझियममध्ये असतं ते. फोटो शोधा आणि मोठा करून बघा, थंबनेलवर यातलं काही कळत नाही.

पहिलं काम म्हणजे सांगाडा अंगठ्याने झाका. सीरियसली. कारण नजर आधी तिकडेच पळते, सैन्यभरतीचा डॉक्टर सांगाड्याच्या बरगड्यांना नळी लावून तपासतोय आणि तोंडातून शब्द निघतायत "केव्ही", म्हणजे जर्मन लष्करी भाषेत लढायला फिट. जोक कळला, हसलो, पुढे गेलो, असं होतं आणि तिथेच चित्र हातातून सुटतं.

सांगाडा झाकला की उरतात पुढे उभे असलेले दोन ऑफिसर. आता फक्त कोण कुठे बघतंय तेवढं बघा. हे दोघे आपापसात गप्पा मारतायत, मागे काय चाललंय याच्याशी काही देणंघेणं नाही, जसं काही रोजचंच आहे. आता अंगठा काढा. माझ्या मते खरी थप्पड सांगाड्यात नाहीये, या गप्पांमध्ये आहे.

मग रेषा. शेडिंग जवळपास नाहीच, तारेसारखी कोरडी, टोचणारी रेषा. ग्रोस मुतारीच्या भिंतींवरची चित्रं बघून शिकायचा असं त्याने स्वतःच सांगितलंय, म्हणून "याला ड्रॉइंग येत नाही" असं वाटलं तर थांबा, ते मुद्दाम आहे. सुबक रेषेने काढले असते तर हेच साहेब रुबाबदार दिसले असते.

खिडकीबाहेर कारखान्यांची धुराडी आहेत, तीही सोडू नका. माणसं संपत आलीत पण कारखाने जोरात, एवढं त्यातून कळतं.

आणि हे नुसतं व्यंगचित्र म्हणून बघू नका. ग्रोस स्वतः १९१४ ला आपणहून सैन्यात गेला होता, १९१५ मध्ये आजारपणामुळे सुटला आणि १९१७ मध्ये परत बोलावला गेला, म्हणजे ही तपासणी त्याला ऐकीव नव्हती. पुढे १९२० मध्ये त्याने हेच चित्र "गॉट मिट उन्स" या संचात छापलं, अर्थ देव आमच्या पाठीशी, आणि हे शब्द जर्मन सैनिकांच्या पट्ट्याच्या बकलवरच असायचे! लष्कराचा अपमान केला म्हणून खटला झाला, १९२१ ला ३०० मार्क दंड.