सागरेश्वरला हरणं बघायला जाताना

"सागरेश्वरला गेलो, चार तास तंगडतोड केली, एक हरीण दिसलं नाही," असं सांगली जिल्ह्यातल्या या अभयारण्याबद्दल सांगणारे सांगलीत पुष्कळ भेटतात. खोदून विचारलं की कळतं, पोचले सकाळी अकराला, डबे आणि पाच-सहा पोरं घेऊन. अकराला हरीण झुडपाच्या सावलीत रवंथ करत बसलेलं असतं. तुम्ही त्याला दिसता, ते तुम्हाला दिसत नाही.

म्हणून आधी वेळ ठरवा. सकाळी फाटक उघडेल तेव्हा तुम्ही फाटकाशी हजर असावं, नाहीतर सरळ दुपारी चारनंतर यावं आणि बंद व्हायची वेळ आत शिरतानाच विचारून घ्यावी. पावसाळा सरल्यावर डोंगर देखणा दिसतो, लोक तेव्हाच जास्त येतात. पण प्राणी बघायचे असतील तर माझं मत मार्चला. गवत वाळून बसलेलं, पानं झडलेली, पाणी मोजक्याच ठिकाणी. श्रावणी सोमवार मात्र टाळा. खालच्या सागरेश्वराच्या देवळाला गर्दी लोटलेली असते.

रेल्वेनं आलात तर पुणे-मिरज मार्गावर ताकारीला उतरायचं आणि देवराष्ट्र्याच्या रस्त्याला लागायचं. पाणी, टोपी, जमली तर दुर्बीण. कपडे मातकट रंगाचे.

आत शिरताना एक गोष्ट डोक्यात असू द्या. हे जंगल राखलेलं नाही, लावलेलं आहे. उघड्याबोडक्या डोंगरावर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी झाडं जगवण्याचा ध्यास घेतला, पुढं इथं हरणं आणून सोडली, आणि १९८५ साली अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र अवघं १०.८७ चौरस किलोमीटर, भोवती कुंपण. म्हणजे हरणं आहेत ती इथंच कुठंतरी आहेत. त्यांच्यामागं पळण्यात अर्थ नाही.

तेव्हा चाला कमी, बसा जास्त. पाणवठ्यापासून अंतर राखून, वारा त्याच्याकडून आपल्याकडं येईल असं झाड पाठीशी घ्या आणि अर्धा तास गप्प राहा. मोबाइल नुसता सायलेंट नको, बंदच करा. थरथरण्याचा आवाजसुद्धा पुरतो. माझ्या खिशात तो असाच घुरघुरला, तेव्हा समोर सांबराचा नर होता. मान वर, कान आमच्याकडं वळलेले. मग पुढचा एक पाय त्यानं जमिनीवर आपटला. एकदा, थांबून पुन्हा एकदा. शेपटी ताठ झाली, 'पोंक' असा कर्णकर्कश आवाज आला आणि झाडीत धडधडाट. बरोबरचा मित्र दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

काय दिसलं ते ओळखायचं कसं? अंगावर पांढरे ठिपके म्हणजे चितळ, ते कळपात असतं. गडद तपकिरी, राठ केसांचं, घोड्याएवढ्या ताकदीचं वाटणारं ते सांबर. काळवीट झाडीत शोधू नका, ते मोकळ्या माळाचं जनावर. नर वरून काळा आणि पोटाकडं पांढराशुभ्र, शिंगं पिळदार, मादी पिवळसर. या पिळदार शिंगांना फाटे नसतात आणि ती जन्मभर टिकतात. चितळ-सांबराची फाटे फुटलेली शिंगं मात्र गळतात आणि नवी येतात. नवी वाढत असताना त्यांच्यावर मखमलीसारखी कातडी असते. वाटेत गळलेलं शिंग सापडलं तरी उचलायचं नाही, कायद्यानं तो गुन्हा आहे. फोटो काढा, पुढं व्हा.

काहीच दिसलं नाही तर पायाखाली बघा. लेंड्यांचे ढीग, मातीत उमटलेले खूर, रानडुकरानं उकरलेली जमीन, साळिंदराचा काळा-पांढरा काटा. पोरांना यातच जास्त मजा येते. आणि मोर तर ऐकू येतोच.

प्राण्यांना बिस्कीट, चिवडा देऊ नका. कुंपणाबाहेर ऊस आणि शाळू उभा असतो. माणसाच्या खाण्याला सोकावलेलं हरीण तिकडं वळलं की शेतकऱ्याचं नुकसान आणि हरणाच्या जिवावर बेतणं, दोन्ही ठरलेलं.

जाताना माथ्यावर चढून खाली पसरलेलं कृष्णेचं खोरं बघून घ्या. वेळ उरला तर देवराष्ट्र्यात थांबा. यशवंतराव चव्हाणांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी तिथंच, आजोळी झाला.