मिलिटरी ट्रकचे व्हॅक्यूम वायपर काढून इलेक्ट्रिक वायपर बसवताना

पसरणीचा घाट चढताना पावसाची सर आली, की व्हॅक्यूम वायपरच्या जुन्या मिलिटरी ट्रकची काच नेमकी तेव्हाच आंधळी होते. हा वायपर इंजिनच्या इनटेक मॅनिफोल्डमधल्या (इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळीतल्या) ओढीवर, म्हणजे व्हॅक्यूमवर चालतो. ॲक्सिलेटर दाबून थ्रॉटल उघडला की ती ओढ जवळजवळ संपते. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन मंद फिरत असताना, समुद्रसपाटीवर पाऱ्याचे १७ ते २१ इंच व्हॅक्यूम मिळतं आणि दर हजार फुटांमागे त्यातला साधारण एक इंच कमी होतो. म्हणजे साडेचार हजार फुटांवरच्या महाबळेश्वरात चारएक इंच आधीच गेलेले असतात, त्यात चढावर पाय पूर्ण दाबलेला. पट्टी काचेच्या मधोमध थांबते, आणि उतारावर पाय उचलला की तीच पट्टी सैरावैरा पळते. जुन्या मोटरमधलं सील नवं टाकलं तरी हा स्वभाव जात नाही. शोरूमसारखा नटवून ठेवायचा ट्रक असेल तर मूळ वायपर राहू द्या. पावसाळ्यात सातारा-कास, वाई-पाचगणी फिरवायचा असेल तर इलेक्ट्रिक वायपर हवाच.

दुसऱ्या महायुद्धातल्या डॉज, जीएमसीसारख्या पेट्रोल ट्रकांना हे सगळं लागू पडतं. नंतरच्या काही मोठ्या ट्रकांत वायपर ब्रेकच्या हवेवर चालतात. तिथे वायरिंग खाली दिलंय तसंच करायचं, पण हवेची नळी हवेच्या टाकीच्या बाजूला धातूच्या प्लगनेच बंद करा. ती गळाली तर ब्रेकची हवा जाते.

सुरुवात मल्टिमीटरने करा. डॉज-जीएमसी मुळात बहुतेक ६ व्होल्टचे असले तरी लष्कराच्या डिस्पोजलमधून (जुन्या मालाच्या विक्रीतून) चार हात फिरताना अनेकांचे १२ व्होल्ट झालेले असतात, म्हणून पाटीवर विसंबू नका. बॅटरीचं कोणतं टोक चासीला जोडलंय तेही बघा. ब्रिटिश बनावटीच्या काही जुन्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक चासीला जोडलेलं असतं. गाडी २४ व्होल्टची असेल तर मोटरही २४ व्होल्टचीच घ्या. दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून १२ व्होल्ट काढायची युक्ती अनेक गॅरेजमध्ये सर्रास करतात, पण त्यात एक बॅटरी सतत अर्धपोटी राहते, दुसरी जास्त चार्ज होते आणि दोन्ही अकाली मरतात.

मोटर निवडताना लक्षात घ्या, की उघड्या केबिनच्या अशा ट्रकची काच पुढे दुमडते. त्यामुळे डॅशखाली एक मोटर आणि तिथून लिंकेज (जोडदांड्या), ही कारमधली पद्धत इथे चालत नाही. मोटर काचेच्या चौकटीवरच बसवावी लागते. जेसीबी-पोकलेनच्या स्पेअर पार्टच्या दुकानात एकाच स्पिंडलची (वायपरची दांडी ज्यावर बसते त्या दांड्याची) छोटी वायपर मोटर मिळते. तिच्या आतच क्रँक आणि गिअर असतात, म्हणून स्पिंडल थेट पुढेमागे डोलतो. दुकानात जाण्याआधी काचेवर कागद चिकटवा, जुनी दांडी हाताने फिरवून तिचा कंस स्केच पेनने उमटवा आणि कोनमापकाने कोन मोजा. त्याच्या जवळचा पण कमी कोन असलेली मोटर घ्या, जास्त असलेली नको; पट्टी चौकटीच्या रबरावर आपटू लागली तर आतले प्लास्टिकचे गिअर फार दिवस टिकत नाहीत. काच दोन तुकड्यांची असेल तर दोन स्वतंत्र मोटरी चालतात. त्या एका तालात फिरणार नाहीत, पण दोन्ही कंस एकमेकांत येत नसतील तर बिघडत काही नाही.

चौकटीला नवं भोक पाडू नका, हे आमचं आग्रहाचं सांगणं. ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये आलेल्या नोंदणी नियमांत चासी, बॉडी शेल आणि इंजिन मूळचं असण्यावर भर आहे, आणि अशी चौकट पुन्हा मिळणं कठीण. तीन मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची पट्टी कापून जुन्या मोटरच्याच बोल्टांच्या भोकांवर बसवा आणि नवी मोटर त्या पट्टीवर घ्या. स्पिंडल जुन्या भोकातून जात नसेल, तर भोक कानशीने मोठं करण्याआधी एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून पितळी बुश (भोकात बसणारी छोटी नळी) करून घेता येतो का ते बघा. जुनी दांडी नव्या स्पिंडलवर सहसा बसत नाही. तिलाही तसाच बुश लागतो. काच पुसणारी रबरी पट्टी मात्र सपाट काचेसाठीचीच घ्या. वक्र काचेची पट्टी मधे उचललेली राहते आणि ड्रायव्हरच्या डोळ्यासमोरच पाण्याचा पट्टा सोडते. स्पिंडलभोवती रबरी वॉशर लावा. मोटरच्या खालच्या बाजूचं पाणी निचऱ्याचं बारीक भोक सिलिकॉनने बुजवू नका. ते बुजलं की आत दव साचून मोटर आतून गंजते.

वायरिंगमध्ये सगळ्यांची फसगत पार्किंगच्या तारेवर होते. स्विच बंद केल्यावर पट्टी कडेला जाऊन थांबावी, यासाठी मोटरमध्ये एक कॉन्टॅक्ट असतो. पट्टी वाटेत असताना तो मोटरला करंट देत राहतो, आणि कडेला पोचताच मोटरची तार अर्थला जोडून तिला ब्रेक लावतो. म्हणून साधा ऑन-ऑफ स्विच पुरत नाही, चेंजओव्हर स्विच लागतो: ‘चालू’वर मोटरला फ्यूजकडून करंट, ‘बंद’वर मोटरची तार पार्किंगच्या तारेशी. दोन मोटरी असतील तर प्रत्येकीला स्विचचा वेगळा पोल (स्वतंत्र जोडणी) द्या. दोन्ही एकत्र बांधल्या तर एकीचा पार्किंग कॉन्टॅक्ट दुसरीला थांबू देत नाही. फ्यूज दर वेळी पट्टी एकाच जागी आल्यावर उडत असेल तर मोटरला दोष देऊ नका. पार्किंगच्या तारेवर चालू असताना करंट येतोय आणि कडेला पोचल्यावर तो सरळ अर्थला जातोय, एवढंच ते असतं. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत मोटरची बॉडी चौकटीपासून रबराने वेगळी ठेवून निगेटिव्ह तार स्वतंत्र आणावी लागते.

१२ व्होल्टवर छोटी मोटर ओल्या काचेवर दोन-तीन अँपिअर घेते, अडली तर त्याच्या कितीतरी पट. प्रत्येक मोटरला वेगळा फ्यूज द्या, साडेसात अँपिअरचा पुरतो. ६ व्होल्टवर करंट दुप्पट होतो, तेव्हा तार २.५ चौरस मिलिमीटरचीच घाला. १.५ ची तार जाऊन-येऊन सहा मीटर झाली, तर सहा अँपिअरला जवळपास अर्धा व्होल्ट तारेतच खर्ची पडतो आणि वायपर पुन्हा रांगायला लागतो. बिजागरीपाशी तारेला सैल वळसा ठेवून वरून रबरी नळी घाला. अर्थ रंगावर घेऊ नका, चौकटीवरूनही नको. बिजागरीतून अर्थ भरवशाचा मिळत नाही. वेगळी तार चासीपर्यंत न्या.

जुनी व्हॅक्यूम नळी काढल्यावर मॅनिफोल्डचं तोंड पितळी प्लगने बंद करा. उघडं राहिलं तर हवा जास्त जाते, आयडलिंग वरखाली होतं आणि इंजिन तापतं. पेट्रोल पंपालाच व्हॅक्यूमचा भाग जोडलेला असेल तर त्याची दोन्ही तोंडं एका छोट्या नळीने एकमेकांना जोडा, म्हणजे धूळ आत जात नाही.

दांडी सगळ्यात शेवटी. आधी मोटर नुसती चालवून बंद करा, स्पिंडल पार्किंगला थांबू द्या, मगच दांडी कडेला ठेवून नट आवळा. पहिली चाचणी कोरड्या काचेवर घेऊ नका. पाण्याची नळी सोडून १५ मिनिटं चालवा आणि मोटरला हात लावून बघा. कोमट लागली तर ठीक. हात ठेवता येत नसेल तर पट्टीचा स्प्रिंगदाब जास्त आहे किंवा स्पिंडल बुशमध्ये अडतोय. मग इंजिन आयडलिंगला ठेवून हेडलाइट लावा आणि वायपर चालवून व्होल्टेज बघा. जुना डायनामो मंद फिरताना जवळजवळ काहीच चार्ज देत नाही, त्यामुळे घाटात वाहतूक तुंबली की वायपर मंदावतो. शेवटी काच पाच-सहा वेळा दुमडून उघडा आणि वळशातली तार कुठे चिमटतेय का, ते बोट फिरवून तपासा.