स्ट्रिंगचे तुकडे उलटताना या चुका टाळा

दारव्ह्याकडच्या आमच्या गावात रविवारी पोट्टे पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला बसतात. दोन लॅपटॉप, बाकी मोबाइल, आणि लाइन गेली की कोड वहीत. त्यांना मी एक उदाहरण हमखास घालतो: 'यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर' या स्ट्रिंगवरून, म्हणजे अवतरणातल्या मजकुरावरून, परतीचा मार्ग तयार करा. नॅरोगेज शकुंतला मूर्तिजापूरहून एकीकडे यवतमाळला, दुसरीकडे अचलपूरला जायची. आता ती बंद आहे, पण उदाहरणापुरती तरी धावते.

पहिली चूक जवळपास सगळेच करतात. 'उलट करा' म्हटलं की सगळी स्ट्रिंग शेवटाकडून वाचणारं [::-1] लावून मोकळे. उत्तर येतं 'रूपलचअ-रूपाजित्रूम-ळामतवय'. "सर, हे रूपाजित्रूम कुठं आलं?" गाव उलटायचं नव्हतं, गावांचा क्रम उलटायचा होता. आधी '-' वर स्प्लिट करून तुकड्यांची यादी, मग यादी उलटी, मग '-' नेच जॉइन करून तुकडे परत जोडायचे.

हे रूपाजित्रूम मात्र नीट पाहण्यासारखं आहे. पायथन आपली अक्षरं मोजत नाही, युनिकोडचे कोडपॉइंट, म्हणजे प्रत्येक चिन्हाला दिलेले क्रमांक, मोजतो. 'मूर्तिजापूर' वाचताना पाच अक्षरं, पण लांबी विचारली तर 11, कारण प्रत्येक मात्रा आणि हलन्ताची खूण वेगळी मोजली जाते. उलटताना 'मू'चा ऊकार 'म'ला सोडून शेजारच्या 'र'वर जाऊन बसतो. 'वर्धा' उलटून पाहा, सुरुवातीलाच बिनधन्याचा काना लोंबकळताना दिसेल. म्हणून अक्षरं उलटण्याचा सराव रोमन लिपीतल्या शब्दावर करा. देवनागरीत तेच करायचं तर आधी व्यंजन, मात्रा आणि जोडाक्षर एकत्र धरणारे तुकडे पाडावे लागतात, आणि ते काम दिसतं तितकं सोपं नाही.

काही हुशार पोट्टे स्प्लिट टाळून एका शब्दाजागी दुसरा घालणारा रिप्लेस वापरतात. यवतमाळच्या जागी अचलपूर, मग अचलपूरच्या जागी यवतमाळ. पहिल्या फेरीनंतर दोन्ही टोकांना अचलपूर होतं, दुसऱ्या फेरीत दोन्हीकडे यवतमाळ. गाडी जिथून निघाली तिथंच परत! शिवाय रिप्लेस मूळ स्ट्रिंगला हात लावत नाही, नवी देतो. ती कशात साठवली नाही तर काहीच बदललेलं दिसत नाही.

यादी उलटी करणाऱ्या रिव्हर्सचं (reverse) याच्या उलट आहे. तो यादी जागच्या जागी उलटतो आणि परत देतो नन (None), म्हणजे काहीच नाही. 'यादी = यादी.रिव्हर्स()' लिहिलं की यादी गेली, आणि चूक कळते पुढच्या ओळीत, जॉइनने टाइपएरर, म्हणजे चुकीच्या प्रकारची वस्तू दिल्याची तक्रार, दिल्यावर. मग पोरं जॉइनचीच ओळ घासत बसतात. रिव्हर्स एकटाच लिहा, बरोबरचं चिन्ह नको.

एवढं करूनही उत्तर जसंच्या तसं किंवा वेडंवाकडं येत असेल तर स्प्लिटनंतरची यादी प्रिंट करा. एकच तुकडा दिसला तर चिन्ह तपासा: मोबाइलच्या कीबोर्डवरून साध्या '-' ऐवजी लांब '–' पडलेलं असतं, आणि पायथनला ती दोन वेगळी चिन्हं आहेत. तुकडे तीन पण ' मूर्तिजापूर ' असा अवतरणात जागा सोडून दिसला, तर प्रत्येक तुकड्यावर कडेच्या मोकळ्या जागा काढणारा स्ट्रिप चालवा. गेल्या खेपेला एका पोराच्या कोडात ही दोन्ही दुखणी एकत्र निघाली, आणि तेवढ्यात लाइन गेली.